जांभूळ म्हणजे ब्लॅकबेरी नव्हे!

मृग लागायच्या सुमारास अकोल्याकडे बाजारात टोपल्या भरून जांभळं येतात. घरी आणली की सगळ्यांच्या जिभा जांभळ्या, आणि सोबत आजीचा ठरलेला सल्ला : "शुगरवाल्यांनी खावीत, बिया वाळवून ठेवाव्यात." मी या विषयाकडे वळले ती तिथूनच. आणि पहिल्याच आठवड्यात फसले.

झालं असं, की इंग्रजीत जांभळाला 'इंडियन ब्लॅकबेरी' असंही म्हणतात. मी नुसतं 'ब्लॅकबेरी' शोधलं आणि सापडेल ते तक्त्यात भरत गेले : १०० ग्रॅममागे ४३ किलोकॅलरी, ५.३ ग्रॅम तंतू, २१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. आकडे बरोबर, फळ चुकीचं! ते होते रुबसचे, म्हणजे गुलाबाच्या कुळातल्या झुडपाचे. आपलं जांभूळ सायझिजियम क्युमिनी, पेरूच्या कुळातलं. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात ते 'जावा प्लम' नावाखाली आहे : ६० किलोकॅलरी, क जीवनसत्त्व १४.३ मिलिग्रॅम.

दोन्हींचा रंग अँथोसायनिनमुळे, पण रेणू वेगळे. ब्लॅकबेरीत मुख्यतः सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन यांचे डायग्लुकोसाइड. खरी गंमत प्रयोगात आहे. पीएच-डिफरन्शियल पद्धतीत आपण १.० आणि ४.५ पीएचला प्रकाशाचं शोषण मोजतो, आणि हिशोब बहुतेकदा सायनिडिन-३-ग्लुकोसाइडचा रेणुभार (४४९.२) धरून करतो. म्हणजे जांभळाचा आकडाही नकळत ब्लॅकबेरीच्या मापात येतो! तसं केलेलं चालतं, पण कोणत्या रेणूच्या हिशोबात मोजलं हे लिहायलाच हवं. ते न लिहिता दोन पेपरमधले आकडे शेजारी ठेवू नका.

आता मधुमेह. ब्राझीलमधल्या संशोधकांनी टाइप २ च्या रुग्णांना जांभळाच्या पानांचा चहा देऊन पाहिला. २००४ मध्ये 'डायबेटीस केअर'मध्ये निष्कर्ष आला, साखर उतरली नाही. यावरून बी निरुपयोगी ठरत नाही, कारण चहा पानांचा होता. पण बियांच्या अर्काने उंदरांची साखर उतरली, म्हणून आजीचं चूर्णही सिद्ध होत नाही. पान, गर, बी हे तीन वेगळे नमुने आहेत. (आजीला एवढंच सांगितलं : चूर्ण घे, पण डॉक्टरांची गोळी सोडू नको, आणि त्यांना चूर्णाचंही सांग.)

आता नमुना आणला की आधी लेबल : शास्त्रीय नाव, गाव, तारीख, गर की बी. जांभळं खायची ती वजन नोंदवून झाल्यावर.