जुन्या फटफटीचा पूर्वेतिहास

आपल्या वऱ्हाडातला शेतकरी बैल घ्यायला बाजारात गेला, की आधी जनावराचे दात पाहतो, मग त्याला दहा पावले चालवून पाहतो, आणि विकणाऱ्याच्या बोलण्याकडे सर्वांत शेवटी लक्ष देतो. तोच शेतकरी कापसाचे पैसे हाती आल्यावर मुलासाठी जुनी फटफटी पाहायला अकोल्यास किंवा अमरावतीस येतो, तेव्हा मात्र टाकीवरचा नवा रंग पाहून आणि 'गाडी एकदम चांगली हाये, भाऊ' एवढे ऐकून विसार देऊन मोकळा होतो. बैलाला लावलेली अक्कल फटफटीला का लावू नये?

ब्रिटनमध्ये १९६० सालापासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. प्रथम ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांपुरती होती. आज गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी करावी लागते. गाडी कधी नापास झाली, तेव्हा ती किती चाललेली होती, हे कोणाही गिऱ्हाइकाला घरबसल्या वाचता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर गाडी तपासून तिचे ५-५ वर्षांनी नूतनीकरण होते. मधल्या १५ वर्षांत सरकारी निरीक्षकाने ती नियमाने पाहावी असा प्रसंगच येत नाही. धुराचे प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, घ्यावे लागते खरे. पण ते फक्त धुराबद्दल बोलते. ब्रेक, चौकट, चाके यांविषयी त्यात अवाक्षर नसते. तेव्हा गाडीचा इतिहास गिऱ्हाइकानेच तुकड्यातुकड्यांनी जुळवावयाचा असतो.

पहिला तुकडा नोंदणीपुस्तकाचा, म्हणजे आरसीचा. त्यावरील चेसिस नंबर गाडीच्या मानेवर आणि इंजिन नंबर इंजिनाच्या कवचावर कोरलेला असतो. आरटीओत चेसिसवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घेतात. तोच उद्योग आपणही करावा. डोळ्याला न दिसणारी खाडाखोड कागदावर उमटते. अंक वेडेवाकडे आले तर तेथूनच नमस्कार करावा. परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदीत गाडीचा नंबर घातला, की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा समजतो. दंडाच्या थकलेल्या चलानांचीही चौकशी करावी. बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हाती आल्याखेरीज व्यवहार नको. बैतूल-बऱ्हाणपूरकडची मध्य प्रदेशी गाडी स्वस्त मिळते. पण तिला तिकडचे ना-हरकत पत्र लागते, आणि इकडचा कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. ती स्वस्ताई तेथेच संपते!

दुसरा तुकडा सर्व्हिसच्या पुस्तिकेचा. प्रत्येक शिक्क्यापुढे तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. आकडा चढत जाऊन एकाएकी उतरला, तर मीटर मागे फिरवले किंवा बदलले हे उघड आहे. पुस्तिका हरवली म्हणतात तेव्हा गाडीलाच विचारावे. पायाखालचे रबर गुळगुळीत आणि मीटरवर मात्र आठ हजार, हे जुळत नाही. दात पाहायचेच तर साखळीच्या चक्राचे पाहावेत. झिजलेले दात आकड्यासारखे वळलेले असतात. टायरवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उन्हाळा आपल्याकडे असा, की रबराच्या भेगा आधी पाहाव्यात. खारपाण पट्ट्यातली गाडी असेल तर बुडाचा गंजही वाकून पाहावा.

विम्याचा कागद पुष्कळांना वाचताच येत नाही. त्यात 'नो क्लेम बोनस' नावाची सूट असते. एकाच मालकाचा पूर्ण विमा सलग चालू असून ही सूट एकदम शून्यावर आली, तर आदल्या वर्षी भरपाई घेतलेली असण्याचा संभव असतो. ती कशाबद्दल घेतली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. ती नव्या मालकाकडे येत नाही.

आता नावाबद्दल. आपल्याकडे कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची फार वाईट चाल आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका मोटारीचे प्रकरण आले. गाडी अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदलेल्या मालकावरच ठेवली. विकून वर्षे झालेल्या गाडीपायी शेत गहाण टाकण्याची पाळी येऊ शकते, ती अशी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओस कळवावे, असे कायदा सांगतो. नमुने २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यास कळवावे, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई मागताना अडचण येते.

विकणारा दोनचार दिवस थांबायला तयार नसेल तर घाई त्याची आहे, आपली नव्हे. विसार थोडाच द्यावा, त्याची पावती गाडीच्या आणि चेसिसच्या नंबरासह लिहून घ्यावी, आणि राहिलेली रक्कम नावाच्या बदलीचा अर्ज दाखल झाल्याची पावती पाहूनच मोजावी.