सुरुंग की भूकंप?

भूकंप म्हटला की आम्हा वर्धेकरांना कोयना आठवते, किल्लारी आठवते. आपल्या पायाखालची जमीन मात्र आपण स्थिर धरून चालतो. पण वर्धा नदीच्या खोऱ्यात खाली वणी-चंद्रपूरकडे गेले, की कोळसा खाणीतल्या सुरुंगांनी मांडणीवरची भांडी खुळखुळतात. तिकडे नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलो की मला हमखास विचारतात, "भाऊ, हा सुरुंग की भूकंप?"

याचे उत्तर भूकंपमापक देतो. सुरुंग खडकाला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो. भूकंपात मात्र जमिनीतल्या जुन्या भेगेच्या, म्हणजे भ्रंशाच्या, दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात. त्यामुळे काही दिशांना पहिली हालचाल ढकलल्याची, तर काहींना ओढल्याची नोंदली जाते. त्यावरून खडकावर ताण कोणत्या दिशेने आहे, याचा अंदाज बांधता येतो. शेकडो बारीक धक्क्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, की न दिसणारा भ्रंशही रेषेसारखा उमटतो.

खोल खाणीत खोदकामामुळेच ताण बदलतो आणि खडक फुटतो. २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत कामगारांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सोसले. म्हणूनच तिथे धक्के मोजणारी यंत्रे बसवली गेली होती.

कोयनेला खाण नाही, धरण आहे. १९६२ पासून जलाशय भरू लागला आणि धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. पाण्याचे वजन आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब, यांनी आधीच ताणलेला भ्रंश सरकला, असे शास्त्रज्ञ मानतात. तिथे छोटे धक्के अजूनही बसतात. त्यांच्याच अभ्यासासाठी भू-विज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खोदले.

"छोटे धक्के बसले म्हणजे मोठ्याची भीती टळली," असे अनेकजण म्हणतात. पण हिशेब तसा नाही. ६ रिश्टरच्या एका भूकंपात ४ रिश्टरच्या सुमारे हजार धक्क्यांइतकी ऊर्जा असते. छोट्या धक्क्यांनी भ्रंश कुठे आहे ते कळते. तो कोणत्या दिवशी सरकेल, हे कळत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच: घर बांधताना गवंड्याला भिंतींचे कोपरे नीट सांधायला आणि दारा-खिडक्यांवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायला सांगा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जाड दगडमातीच्या भिंतींनीच माणसे झोपेत गाडली गेली.