दोन थेंब पाण्याचे धुके, पण समोरचे दिसेना

थंडीच्या दिवसांत खाडीकाठच्या गावांत पहाटे धुके उतरते. तरीवर माणसे खोळंबतात, एस. टी. उशिरा येते, मासळीचा टेम्पो वळणावर चाचपडत राहतो. ‘ऊन आलं की जाईल’ म्हणून आपण ते सोडून देतो. घाई असलेला माणूस मात्र तसाच निघतो आणि अपघात तिथेच होतात. म्हणून धुक्यात दिसेनासे का होते आणि किती दिसले तर निघावे, हे शेतकरी, मच्छीमार आणि ग्रामपंचायत या सर्वांनीच समजून घेतलेले बरे.

पहिली गोष्ट, धुके म्हणजे वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. हवेतली वाफ थंड होऊन तिचे बारीक थेंब झाले, की ते पांढरे दिसते. या थेंबांना बसायला कण लागतो. समुद्रकाठी लाटा फुटून मिठाचे कण हवेत उडतात. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे पाणी सोडते, तसेच हे कण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की पाणी धरू लागतात. म्हणून धुके पुरते पडण्याआधीच क्षितिज धुरकट होते.

पाणी थोडे, थेंब कोट्यवधी

आता थोडा हिशेब करू. एक मीटर लांब, तेवढीच रुंद आणि उंच अशी हवेची पेटी कल्पा. दाट धुक्यात तिच्यात एक दशांश ग्रॅम पाणी आहे असे धरू. म्हणजे औषधाच्या ड्रॉपरने टाकलेले दोन थेंब. हेच पाणी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या जाडीच्या थेंबांत वाटले, तर सुमारे १९ कोटी थेंब होतात. ते सगळे मिळून नजरेच्या आड जेवढी जागा धरतात, ती जवळपास १५० चौरस सेंटिमीटर, आपल्या पंजाएवढी भरते. तेवढ्याच पाण्याचे दोन मिलिमीटर जाडीचे पावसाचे थेंब केले तर ते होतात जेमतेम २४, आणि त्यांची आड येणारी जागा नखाएवढी. पहिल्या हवेत सुमारे १३० मीटरपलीकडचे दिसत नाही. दुसऱ्या हवेत हिशेबाने २५ किलोमीटरवरचा डोंगर दिसायला हवा. पाणी तेच, फरक फक्त थेंबांच्या आकाराचा.

यातून एक कामाची गोष्ट निघते. खाडीकाठी पालापाचोळा किंवा कचरा पेटवला, की धुराचे कण वाढतात. तेच पाणी जास्त कणांत वाटले जाते, थेंब आणखी बारीक होतात आणि दिसणे आणखी कमी होते. शिवाय इतका बारीक थेंब सेकंदाला तीनच मिलिमीटर खाली येतो. दहा मीटर उतरायला त्याला तासभर लागतो. म्हणून धुके आपोआप खाली बसेल, अशी आशा धरू नये.

थेंब उजेड नुसता अडवत नाहीत, तर चहूकडे उधळतात. गाडीचा दिवा अपर केला, की तो उजेड उलटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. डिपरवर चालवा, असे सांगतात ते यासाठीच. ‘पिवळा दिवा धुकं फाडतो’ हा समज मात्र फारसा खरा नाही. हे थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच उधळतात, म्हणून तर धुके पांढरे दिसते. फॉग लॅम्पचा उपयोग होतो तो मुख्यतः खाली बसवल्यामुळे.

समुद्राचे धुके आणि आपले धुके

खरे समुद्री धुके थंड पाण्यावर तयार होते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह आणि लाब्राडोर हा थंड प्रवाह जवळ येतात. उष्ण पाण्यावरची दमट हवा वाऱ्याबरोबर थंड पाण्यावर आली, की खालून गार होते आणि धुके धरते. समुद्राचे पाणी उन्हाने तासाभरात तापत नाही. त्यामुळे हे धुके दिवसच्या दिवस राहू शकते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नॅन्टकेट बेटाच्या दक्षिणेला २५ जुलै १९५६ च्या रात्री अशाच धुक्याच्या पट्ट्यात ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या दोन जहाजांची टक्कर झाली. ५१ माणसे दगावली. दोन्ही जहाजांवर रडार होते आणि दोघांनीही एकमेकांना त्यावर पाहिले होते. तरी समोरचा कोणत्या बाजूने जाणार, याचा अंदाज चुकला.

कोकणातला समुद्र थंडीतही २५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून उबदार असतो. म्हणून आपल्याकडचे बहुतेक धुके जमिनीवर जन्मते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता सोडून गार होते, सखल शेतांत आणि खाडीच्या दरीत धुके साचते आणि मतलई वारा ते पाण्यावर ढकलतो. सूर्य वर आला की जमीन तापते आणि धुके विरते. म्हणजे आपल्याकडे तास-दोन तास थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. न्यूफाउंडलंडच्या कोळ्याला ती सोय नाही.

गावाने काय करावे?

हवामान खात्याच्या मापाने १००० मीटरच्या आतले दिसेनासे झाले तर ते धुके. २०० ते ५०० मीटर दिसले तर मध्यम, ५० ते २०० मीटर दिसले तर दाट आणि ५० मीटरच्या आत आले तर अतिदाट. ग्रामपंचायतीने टेप धरून जेटीपासून ५०, २०० आणि ५०० मीटरवरच्या तीन खुणा ठरवाव्यात. खुणा काळ्या रंगवाव्यात, पांढरी खूण धुक्यात आधी हरवते. कोणती खूण दिसेनाशी झाली की तर बंद करायची, हे बंदर अधिकाऱ्यांशी बोलून ठरवावे आणि तसा फलक लावावा. मग तरीवर वाद होणार नाही.

पाण्यात असताना धुक्याने गाठलेच, तर वेग कमी करा आणि आवाज करा. चालत्या यांत्रिक बोटीने दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा द्यावा. मासेमारी करणाऱ्या किंवा शिडाच्या बोटीने एक लांब आणि दोन आखूड द्यावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. १२ मीटरहून लहान होडीला भोंग्याची सक्ती नाही. पण तिनेही तेवढ्याच अंतराने घंटा, डबा, काहीतरी मोठ्याने वाजवलेच पाहिजे. ताशी १५ किलोमीटर वेगाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या, तर १०० मीटरचे अंतर १२ सेकंदांत संपते.

रस्त्यावर तर त्याहून कमी वेळ मिळतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. ५० मीटर दिसत असेल, तर समोरच्या उभ्या बैलगाडीपाशी ती तीन सेकंदांत पोहोचते. जेवढे दिसते त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे, एवढाच वेग ठेवावा. बैलगाडीवाल्यांनीही मागे लाल रिफ्लेक्टर लावून घ्यावा. त्याला खर्च फार येत नाही.