आठ स्पीकरांचं धूड

बेस गिटारच्या जुन्या स्पीकर कॅबिनेटांत माझा जीव अडकलाय तो अँपेग कंपनीच्या एसव्हीटी अँप्लिफायरच्या कॅबिनेटात. १९६९ साली ३०० वॅटचा हा अँप्लिफायर आला, तेव्हा एकटं कॅबिनेट त्याचा जोर पेलेना. दोन जोडायची शिफारस होती. एकेका कॅबिनेटात दहा इंची आठ स्पीकर, आत बंद कप्पे चार. वादक त्याला फ्रिजच म्हणतात. (उचलून बघा, कळेल!)

विकत घेताना समोरच्या लोगोवर भुलू नका, तो कुणीही चिकटवतो. स्पीकरच्या सांगाड्यावरचा आकडा वाचा. आधी स्पीकर बनवणारी कंपनी: १३७ म्हणजे सीटीएस, ६७ म्हणजे एमिनन्स, पुढे वर्ष आणि आठवडा. ६७-७१२५ असेल तर १९७१चा पंचविसावा आठवडा. आठही तारखा जवळपास जुळल्या, तर स्पीकर बहुधा मूळचेच. आणि कागदी कोन फाटला म्हणून ते भंगारात घालू नका, कोन नवा बसवता येतो.