आधी हेल्मेट, मग गाडी

बेसा, मनीषनगरची तरुण मंडळी आता हिमालयन, एक्सपल्ससारख्या गाड्या घेऊन रामटेक-पेंचकडे निघतात. गाडी लाखांची, हेल्मेट मात्र उरलेल्या पैशांत! हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः दबून मेंदूला बसणारा धक्का झेलतो. तो पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातानंतर हेल्मेट बदलाच.

घेताना आयएसआय चिन्ह पाहा. डोके हलवल्यावर हेल्मेट फिरले, तर माप मोठे आहे. अ‍ॅडव्हेंचर हेल्मेटची पुढची झडप ऊन अडवते, पण वेगात वारा पकडून मानेवर ताण आणते. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी हवा खेळती हवी. आणि पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडते. मागे बसणाऱ्यालाही हेच लागू.