लेसकाम : छंद, बैठक आणि मजुरी

लग्नाच्या रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल किंवा दारावरचे दोऱ्याचे तोरण महाराष्ट्रातील घरांस अपरिचित नाही. क्रोशा हा मात्र लेसच्या मोठ्या कुटुंबातील तुलनेने अलीकडचा घटक होय. लेस म्हणजे दोऱ्याची अशी जाळी, की जिला कापडाचा आधार नसतो. भरलेली जागा आणि मोकळी जागा यांच्या मेळातूनच नक्षी उमटते. हाताने लेस करण्याच्या दोन जुन्या पद्धती युरोपात सोळाव्या शतकात नावारूपास आल्या. त्यांपैकी एक सुईची व दुसरी फिरक्यांची. फिरक्यांच्या लेसचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. उपजीविकेचे साधन म्हणून ही कला इंग्लंडमध्ये जवळजवळ संपली आणि नंतर निव्वळ हौस म्हणून, एकत्र बसणाऱ्या हौशी कारागिरांच्या गप्पागोष्टींत, ती पुन्हा रुजली.

चार फिरक्या, दोन हालचाली

या कामास यंत्र लागत नाही. पेंढा घट्ट ठासून भरलेली एक उशी, तिच्यावर नक्षीप्रमाणे छिद्रे पाडलेला जाड कागद (पूर्वी चामड्याचा पातळ तुकडा), टाचण्या आणि दोरा गुंडाळलेल्या लाकडी वा हाडाच्या लहान फिरक्या एवढेच साहित्य पुरते. फिरक्या जोडीजोडीने वापरतात. शेजारच्या दोन जोड्या, म्हणजे चार फिरक्या, एका वेळी हाती घ्यावयाच्या. मधल्या दोहोंपैकी डावी फिरकी उजवीवरून टाकली की झाला छेद. प्रत्येक जोडीतील उजवी फिरकी डावीवरून टाकली की झाला पीळ. छेद, पीळ आणि पुन्हा छेद या क्रमाने कापडासारखी दाट वीण तयार होते. छेद आणि पीळ एवढेच केले तर विरळ जाळी पडते. कागदावरील छिद्र आले की तेथे टाचणी रोवून टाका पक्का करावयाचा. अत्यंत गुंतागुंतीची लेसदेखील या दोन हालचालींतूनच निर्माण होते. तिपेडी वेणी घालणाऱ्या हातांस त्या शिकावयास फार वेळ लागू नये.

अरुंद किनारीस दहा-बारा जोड्या पुरतात, तर रुंद लेससाठी उशीवर शेकडो फिरक्या लोंबत असतात. तरीही कोणत्याही क्षणी हातात असतात त्या चारच. हात सवयीने चालू लागले की जीभ मोकळी राहते, आणि फिरक्यांचा बारीक खळखळाट सोडला तर बोलण्यात कसलाही व्यत्यय नसतो. नक्षीचा कोपरा वळवावयाचा असला, किंवा नवी जोडी आत घ्यावयाची असली, की बोलणे आपोआप थांबते. कारण चूक उशिरा लक्षात आली तर एकेक टाचणी उपसत, छेद आणि पीळ उलट्या क्रमाने सोडवीत मागे जावे लागते.

एका मेणबत्तीभोवती

इंग्लंडच्या बेडफर्डशर, बकिंगहॅमशर व नॉर्थम्प्टनशर या परगण्यांतील खेड्यांत हे काम घरोघर चाले. हिवाळ्याच्या संध्याकाळी उंच घडवंचीवर एक मेणबत्ती लावीत आणि तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल चंबू ठेवीत. प्रत्येक चंबूतून प्रकाशाचा झोत एकवटून एकेका उशीवर पडे. अशा रीतीने एका मेणबत्तीवर अनेक जणींचे काम भागे. चुलाण्याच्या धुराने दोरा काळवंडतो, म्हणून शेकोटी वर्ज्य होती. त्याऐवजी पायांशी निखाऱ्यांची भांडी ठेवीत. काही ठिकाणी गुरांच्या अंगची ऊब मिळावी म्हणून गोठ्यावरच्या माळ्यावर बसत. तात्पर्य, एकत्र बसणे हा मुळात काटकसरीचा मार्ग होता. गप्पा त्यातून आल्या.

त्या काळी मुलांसाठी लेसच्या शाळा असत आणि पाच-सहा वर्षांची मुलेही तेथे बसविली जात. टाचण्यांची गणती चुकू नये व गती टिकावी यासाठी मुले तालावर गाणी म्हणत. जात्यावरच्या ओवीप्रमाणे या गाण्यांतही श्रम आणि शब्द एकमेकांस धरून चालत. या गाण्यांच्या गोडव्याचे वर्णन करणारे लेखक पुष्कळ आहेत. त्या शाळांतून अक्षरओळख जुजबीच होत असे, ही गोष्ट मात्र बहुधा ओझरती सांगितली जाते.

फिरकी उशीवरून गडगडू नये म्हणून तिच्या टोकास काचेचे मणी ओवीत. हाडाच्या फिरक्यांवर नावे कोरीत. कोणावर आपल्या माणसाचे नाव, कोणावर जन्माचे वा विवाहाचे साल, तर क्वचित एखाद्या गाजलेल्या फाशीची नोंदही आढळते. डेव्हन परगण्यातील होनिटन लेसच्या फिरक्या मात्र गुळगुळीत व बिनमण्यांच्या असत. कारण त्या पद्धतीत फिरकीच विणीच्या फटीतून ओढून घ्यावी लागते व मणी तेथे अडकले असते.

यंत्र आले

१८०९ च्या सुमारास जॉन हीथकोट याने फिरक्यांच्या जाळीची नक्कल करणारे यंत्र सिद्ध केले. १८१६ साली लफबरो येथील त्याच्या कारखान्यावर हल्ला होऊन पन्नासाहून अधिक यंत्रे फोडण्यात आली. त्याने आपला उद्योग डेव्हनमधील टिव्हर्टन येथे हलविला. यंत्रांचा प्रसार त्यामुळे थांबला नाही. साधी जाळी प्रथम स्वस्त झाली, पुढे नक्षीही यंत्रावर निघू लागली. १८४० साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या विवाहासाठी हाताने केलेली होनिटन लेस मुद्दाम निवडली, तरी राजाश्रयाने बाजारभाव सावरला नाही. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर मुले रीतसर शाळेत जाऊ लागली आणि लेसशाळांचे दिवस संपले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही कला मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या हाती उरली होती.

हौसेची बैठक

१९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये हौशी कारागिरांची संख्या वाढू लागली. १९७६ मध्ये ‘लेस गिल्ड’ ही संस्था स्थापन झाली, तर १९८२ मध्ये फिरकी व सुई अशा दोन्ही लेसच्या कारागिरांची आंतरराष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. याहूनही महत्त्वाच्या ठरल्या त्या गावोगावच्या छोट्या बैठका. आठवड्यातून वा महिन्यातून एकदा आपापली उशी काखेत मारून मंडळी एखाद्या सभागृहात जमतात. वर्षातून कधी ‘लेस-दिन’ भरतो. त्या दिवशी आसपासच्या गावांतील हौशी कारागीर येतात, दोरा व फिरक्या विकणारे दुकाने मांडतात आणि दिवसभर काम व बोलणे बरोबरीने चालते.

या बोलण्यास वेळ घालविणे म्हणणे योग्य होणार नाही. जुन्या लेसचा अतितलम दोरा आता सहजासहजी मिळत नाही, तेव्हा त्याऐवजी कोणता घ्यावा. आजीच्या पेटीत सापडलेल्या, छिद्रे झिजून गेलेल्या नमुन्यात कोणती जोडी कोठून कोठे जाते. कोपऱ्यावर जाळी सैल का पडते, अशा प्रश्नांची उत्तरे शेजारच्या खुर्चीवरून मिळतात. पुस्तकात आकृती छापता येते, पण दोरा किती ताणावा हे छापता येत नाही. ते बघून आणि विचारूनच कळते. शिवाय एका हातरुमालाच्या किनारीस कित्येक आठवडे लागू शकतात. त्या वेळाची मजुरी हिशेबात धरली तर तो रुमाल कोणी विकत घेणार नाही. म्हणून हौशी स्त्रिया लेस बहुधा विकत नाहीतच. घरच्यांना देतात, एकमेकींना दाखवितात.

स्लोव्हेनियातील इद्रिया या पाऱ्याच्या खाणींच्या गावाचे उदाहरण याहून थोडे वेगळे आहे. तेथे खाणकामगारांच्या घरच्या स्त्रिया संसारास हातभार म्हणून लेस करीत. १८७६ मध्ये स्थापन झालेली तेथील लेसशाळा अद्याप चालू असून मुले नेहमीची शाळा सांभाळून तेथे येतात. स्लोव्हेनियातील या कलेचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

नरसापूरची लेस

हौसेचा हा विचार आपल्या देशात आणताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, नरसापूरच्या परिसरात, ख्रिस्ती मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस रुजविली. १९६० च्या दशकात पुण्यात जर्मन भाषा शिकविलेल्या समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी पुढे या भागातील स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले ते असे, की या स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाचे अनेक तास लेस करीत, नगावर अत्यल्प मजुरी घेत, आणि त्यांचा माल परदेशी जाई. व्यापार पुरुषांच्या हाती होता. फुले एकीने करावयाची, ती जोडावयाची दुसरीने, अशी कामाची विभागणी असल्यामुळे संपूर्ण वस्तू व तिची किंमत अनेकींच्या दृष्टीसच पडत नसे. इतके असूनही व्यापारी, शेजारी व पुष्कळदा त्या स्त्रिया स्वतः या कामास ‘फावल्या वेळातील उद्योग’ म्हणत. घरात बसून करावयाचे काम म्हणून ते प्रतिष्ठेचे मानले जाई, आणि फावल्या वेळाचे म्हणून त्याची मजुरी वाढत नसे.

बाहेरून पाहता इंग्लंडमधील सभागृहातील बैठक आणि नरसापूरच्या ओसरीवरील बैठक सारखीच दिसेल. दोन्हीकडे हात चालू आहेत, गप्पा रंगल्या आहेत, टाके मोजले जात आहेत. भेद आहे तो दोरा कोणाचा, दर कोण ठरवितो आणि आज काम करावयाचे नाही असे ठरविले तर चूल पेटेल की नाही, यात. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाचे संरक्षण होते. नगावरचा दर मात्र मानांकनाने ठरत नाही. तो वाढवून घ्यावयाचा तर स्त्रियांनी एकत्र येऊन दोरा घाऊक भावाने घेणे आणि वस्तूची शेवटची किंमत जाणून घेणे आवश्यक असते. बचत गटाच्या बैठकीत हे होऊ शकते, आणि क्रोशा हाती घेऊन बसलेल्या बायकांची बैठक बहुधा आधीपासूनच भरत असते.

महाराष्ट्रातही क्रोशा, भरतकाम, गोधडी यांपैकी किती काम हौसेचे व किती मजुरीचे, हे गावपातळीवरच समजू शकते. जनगणनेचे प्रगणक बहुधा शिक्षक असतात आणि बचत गटांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या परिचयाच्या असतात. ‘आपण काय काम करता?’ असा प्रश्न केल्यास घरात बसून नगावर विणणारी स्त्री ‘काही नाही, घरीच असते’ असे सांगण्याचा संभव असतो. दिवसभरात हाताने काय काय करता, दोरा कोण आणून देतो आणि तयार झालेला नग कोण घेऊन जातो, असे क्रमाने विचारले तर नोंद निराळी होते.