अभयारण्य बावीस चौरस किलोमीटरचं, आराखडा कुठवरचा?

सास्तूर-लोहारा भागात वाघ म्हटलं की लोक विदर्भाकडे बोट दाखवत. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ आला आणि धाराशिव जिल्ह्यालाच त्याचा विचार करावा लागला. हा वाघ यवतमाळच्या टिपेश्वरमधला. मधला शेकडो किलोमीटरचा मुलूख त्याने बहुतेक शेतशिवारांतूनच पार केला असणार. सलग जंगल आपल्याकडे उरलंय कुठे? जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडून सह्याद्रीत हलवायला पथकं आली, त्यांनाही त्याने बरीच हुलकावणी दिली.

१९९७ साली घोषित झालेलं हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं आहे. जिल्हा साडेसात हजारांहून मोठा. एका वाघालाही एवढी जागा पुरत नाही. तो बाहेर पडतो, बार्शी तालुक्यातल्या शिवारांत जनावरं मारतो, आणि गावांचं रात्रीचं पाणी देणं अवघड होतं.

अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा साधारण दहा वर्षांसाठी केला जातो. पाणवठे, वणवा रोखणाऱ्या जाळरेषा, गस्त, पर्यटन हे त्यात येतंच. पण येडशीत ऐन घाटात रामलिंगाचं देवस्थान आहे आणि श्रावणात तिथे रीघ लागते. हे जंगल माणसांना वगळून राखता येणारच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही गावांना वगळत नाही. कलम ३३अ नुसार अभयारण्यातल्या आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पाळीव जनावरांचं साथरोगांविरुद्ध लसीकरण ही वन्यजीव विभागाची जबाबदारी आहे. कलम ३३ब च्या सल्लागार समितीत आमदारांसोबत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असायला हवेत. २०२२ च्या दुरुस्तीने, वनहक्क कायदा लागू आहे तिथे ग्रामसभेशी सल्लामसलत करूनच आराखडा करणं बंधनकारक केलं.

न विचारता रेषा आखली की काय होतं, हे शेजारच्या सोलापुरात दिसलं. १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात शेतं आली, गावं आली, सोलापूर शहरही आलं. जमिनीच्या व्यवहारांपासून रस्त्यांपर्यंत अडचणी निघाल्या आणि पक्ष्याबद्दल रोष वाढला. शेवटी क्षेत्र १,२२२ वर आणलं, तोवर माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. फक्त रेषेनेच तो गेला असं नाही, पण शेतकरी त्याचा राखणदार झाला नाही, हे खरं.

सास्तूरकरांना कागदावरच्या आखणीचा अनुभव आहे. १९९३ च्या भूकंपानंतर या पट्ट्यात बावन्न गावं नव्याने वसवली गेली. सरळ रस्ते, ऐसपैस चौकोन. शेजार तुटला, शेत लांब पडलं, अशा तक्रारी पुढे वर्षानुवर्षं ऐकू येत राहिल्या. जंगलाच्या बाबतीत तेच पुन्हा का करायचं? आणि येडशी दूर आहे म्हणून सास्तूरने गप्प बसायचंही कारण नाही. माकणीच्या धरणात साठणारी तेरणा उगम पावते ती बालाघाटातच, आणि हे अभयारण्यही त्याच डोंगररांगेतलं.

माझ्या मते येडशीचा आराखडा सीमेवरच्या तारेपाशी संपता कामा नये. भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, पंचनामा किती दिवसांत, रात्रीऐवजी दिवसा वीज कोणत्या गावांना, हे सगळं त्यात लेखी हवं. अभयारण्यालगतच्या गावांनी येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागाव्यात: आराखड्याची मराठी प्रत आणि सल्लागार समितीतल्या आपल्या तीन प्रतिनिधींची नावं.